नवी मार्गिका, जुने फलक : पुणे मेट्रोचा विस्तार आणि प्रवासी-माहितीचा प्रश्न

गोषवारा

मेट्रोचा नवा टप्पा सुरू होतो तेव्हा होणारा बदल नव्या स्थानकांपुरता मर्यादित राहत नाही. आधीपासून चालू असलेल्या प्रत्येक स्थानकावरील मार्गनकाशा, दिशादर्शक फलक, डब्यातील मार्गपट्टी, उद्घोषणा आणि भाडेतक्ता यांतील माहिती त्याच दिवशी जुनी होते. प्रस्तुत लेखात पुणे मेट्रोच्या २०२२ ते २०२५ या काळातील टप्प्याटप्प्याने झालेल्या विस्ताराच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. अंतिम स्थानकाच्या नावावरून गाडीची दिशा सांगण्याची पद्धत वाढत्या जाळ्यात अस्थिर ठरते, म्हणून फलकांची रचना आरंभापासूनच विस्तार गृहीत धरून करावी आणि त्यांचे अद्ययावतीकरण हा उद्घाटनपूर्व कामाचा भाग मानावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पुणे मेट्रो, मार्गनकाशा, दिशादर्शक फलक, अंतिम स्थानक, स्थानकनामे, प्रवासी-माहिती.

१. प्रस्तावना

सार्वजनिक वाहतुकीचा विचार करताना रूळ, डबे, खांब आणि बोगदे यांवर जितका खल होतो तितका प्रवाशाच्या हाती पडणाऱ्या माहितीवर होत नाही. वास्तविक प्रवाशाच्या दृष्टीने वाहतूक-व्यवस्था म्हणजे त्याला समजलेली व्यवस्था होय. गाडी वेळेवर सुटली, परंतु ती कोणत्या फलाटावरून व कोणत्या दिशेने सुटते हे कळले नाही, तर त्या वक्तशीरपणाचा उपयोग होत नाही. पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पुणे शहराला शब्दांचे हे सामर्थ्य नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

बसमार्ग बदलला तर एका गाडीची पाटी व काही थांब्यांवरील फलक बदलून काम भागते. मेट्रोचे तसे नसते. तिची सर्व स्थानके एकाच जाळ्याचे घटक असल्यामुळे एका टोकाला झालेली वाढ दुसऱ्या टोकावरील फलकालाही लागू होते. स्वारगेटचे स्थानक सुरू झाले की पिंपरीतील नकाशा बदलावा लागतो. ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटते, परंतु तिचा भार नेमका ज्यांच्यावर पडतो ते प्रवासी म्हणजे ज्येष्ठ नागरिक, दृष्टिदोष असणारे, परगावाहून उपचारासाठी वा न्यायालयीन कामासाठी आलेले आणि हाती स्मार्टफोन नसणारे लोक होत. त्यामुळे फलक अद्ययावत ठेवणे हा सजावटीचा नव्हे, तर सेवेच्या समान लाभाचा प्रश्न ठरतो.

२. पुणे मेट्रोच्या विस्ताराचे टप्पे

पुणे मेट्रोच्या कामाचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. महामेट्रोने उभारलेल्या पहिल्या टप्प्यात दोन मार्गिका आहेत. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते स्वारगेट ही पर्पल, तर वनाज ते रामवाडी ही अ‍ॅक्वा मार्गिका होय. पर्पल मार्गिकेच्या आराखड्यात १४ आणि अ‍ॅक्वा मार्गिकेच्या आराखड्यात १६ स्थानके असून जिल्हा न्यायालय हे स्थानक दोहोंमध्ये समाविष्ट आहे. एकूण लांबी सुमारे ३३ किलोमीटर आहे. या मार्गिका एकदम नव्हे, तर तुकड्यातुकड्यांनी सुरू झाल्या.

६ मार्च २०२२ रोजी पीसीएमसी ते फुगेवाडी हा सुमारे ७ किलोमीटरचा आणि वनाज ते गरवारे महाविद्यालय हा सुमारे ५ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. प्रत्येक तुकड्यावर पाच स्थानके होती आणि हे तुकडे परस्परांशी जोडलेले नव्हते. म्हणजे नकाशावर दोन मार्गिका असल्या तरी व्यवहारात त्या दोन स्वतंत्र सेवा होत्या. १ ऑगस्ट २०२३ रोजी फुगेवाडी ते सिव्हिल कोर्ट व गरवारे महाविद्यालय ते रुबी हॉल क्लिनिक हे टप्पे सुरू झाले आणि दोन्ही मार्गिका प्रथमच एका ठिकाणी भेटल्या. ६ मार्च २०२४ रोजी अ‍ॅक्वा मार्गिका रामवाडीपर्यंत पोहोचली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला.

या तारखांच्या दरम्यान आणखी एक प्रकारचा बदल घडला. काही स्थानके मार्गिकेसोबत सुरू न होता मागाहून सुरू झाली. रामवाडीपर्यंतची सेवा मार्चमध्ये सुरू झाली असली तरी त्या मार्गावरील येरवडा स्थानक २१ ऑगस्ट २०२४ रोजी खुले झाले. फुगेवाडीच्या पुढील टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, मात्र त्यावरील खडकी स्थानक जून २०२५ मध्ये प्रवाशांसाठी उघडले. अशा मधल्या काळात गाडी स्थानकातून जाते परंतु तेथे थांबत नाही, ही वस्तुस्थिती नकाशाने सांगावी लागते. नाव वगळावे तर पुढे ते पुन्हा घालावे लागते, नाव ठेवावे तर प्रवासी तेथे उतरण्याची अपेक्षा करतो.

विस्ताराचा परिणाम संख्येनेही मांडता येतो. दोन स्थानकांमधील प्रवासाची एक जोडी धरल्यास २०२२ मधील पाच-पाच स्थानकांच्या दोन सुट्या तुकड्यांवर प्रत्येकी १०, म्हणजे एकूण २० जोड्या होतात. पहिल्या टप्प्यातील सर्व २९ स्वतंत्र ठिकाणे जोडली गेल्यावर ही संख्या ४०६ होते. स्थानके तिपटीहून कमी वाढतात, पण संभाव्य प्रवास वीसपटीने वाढतात. भाडेतक्ता, तिकीटयंत्र व मार्गनकाशा यांना या वीसपट वाढीला सामोरे जायचे असते.

३. मार्गनकाशा : भूगोल आणि आकृती

आज जगभर रूढ असलेल्या मेट्रो-नकाशाचे मूळ लंडनमध्ये आहे. विद्युत-आरेखक म्हणून काम केलेल्या हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक आराखडा तयार केला व तो १९३३ मध्ये प्रवाशांसाठी प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्यक्ष अंतरे व वळणे बाजूला ठेवून मार्गिका आडव्या, उभ्या व तिरक्या सरळ रेषांनी दाखविल्या आणि स्थानके साधारण समान अंतरावर मांडली. प्रवाशाला भुयारातून जाताना वरच्या रस्त्याचे वळण जाणून घ्यायचे नसते. कोठे बसावे, कोठे गाडी बदलावी आणि किती स्थानकांनंतर उतरावे एवढेच त्याला हवे असते, हा त्यामागील विचार होता. या पद्धतीचा दुसरा लाभ असा की, तीत नवी मार्गिका सामावून घेता येते. १९६८ मधील व्हिक्टोरिया, १९७९ मधील ज्युबिली आणि २०२२ मधील एलिझाबेथ या मार्गिका त्याच परंपरेतील नकाशात दाखल झाल्या. अर्थात प्रत्येक वेळी केवळ एक रेषा वाढवून भागले नाही, आजूबाजूची मांडणीही नव्याने जुळवावी लागली.

पुण्याच्या संदर्भात आकृतिरूप नकाशाचे गुण व मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात. पश्चिम-पूर्व जाणारी अ‍ॅक्वा आणि पिंपरीकडून शहराच्या मध्यभागात उतरणारी पर्पल या दोन रेषांची साधी फुली कोणालाही कळते. तथापि, पेठांच्या परिसरात अंतरे लहान आहेत. पुणे महानगरपालिका व जिल्हा न्यायालय ही स्थानके परस्परांपासून पायी जाण्याइतकी जवळ आहेत. आकृतीत मात्र ती खडकी-बोपोडीसारखीच दूर वा जवळ भासतात. म्हणून जाळ्याचा नकाशा आणि स्थानकाच्या परिसराचा नकाशा ही दोन वेगळी साधने होत. पहिल्याचे काम गाडीतील प्रवास समजावण्याचे, तर दुसऱ्याचे काम जिना चढून वर आल्यावर रस्ता दाखविण्याचे असते. परिसर-नकाशालाही अद्ययावतीकरण लागते. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचे एसटी स्थानक वाकडेवाडी येथे हलविण्यात आले, हे त्याचे ठळक उदाहरण. 'शिवाजीनगर' एवढे नाव वाचून एसटी पकडण्यासाठी उतरणाऱ्या परगावच्या प्रवाशाला मेट्रो, लोहमार्ग व एसटी यांचे नेमके परस्परस्थान त्या फलकावरूनच कळू शकते.

रंगांचाही विचार आवश्यक आहे. मार्गिकांना रंगांची नावे दिल्याने ओळख सोपी होते हे खरे, परंतु 'अ‍ॅक्वा' या छटेला मराठी बोलीत सर्वमान्य शब्द नाही. एकजण तिला आकाशी म्हणेल, दुसरा निळी, तिसरा हिरवट. पुढे निळ्या वा हिरव्या छटेची आणखी एक मार्गिका आल्यास हा घोटाळा वाढेल. शिवाय रंगांधत्व असणाऱ्या प्रवाशांना केवळ रंगावरून ओळख पटत नाही. म्हणून रंगासोबत मार्गिकेचा क्रमांक ठळकपणे देणे अधिक सुरक्षित होय. पुणेकराला ही पद्धत अपरिचित नाही. पीएमपीएमएलची बस तो क्रमांकाने ओळखतो आणि पाटीवरील 'मनपा', 'कात्रज' या शब्दांनी तिची खात्री करून घेतो.

४. अंतिम स्थानक आणि दिशेचा प्रश्न

विस्तारामुळे सर्वाधिक बाधित होणारी माहिती म्हणजे गाडीची दिशा. मेट्रोची दिशा सामान्यतः अंतिम स्थानकाच्या नावाने सांगितली जाते. गाडीच्या दर्शनी भागावर, फलाटावर आणि उद्घोषणेत तेच नाव येते. जाळे पूर्ण झालेले असेल तर ही पद्धत सोपी व पुरेशी आहे. जाळे वाढत असेल तर मात्र तीच सर्वांत आधी कालबाह्य होते.

पिंपरीहून शहराकडे येणाऱ्या गाडीचे उदाहरण घेता येईल. २०२२ मध्ये तिचे अंतिम स्थानक फुगेवाडी होते, २०२३ मध्ये ते सिव्हिल कोर्ट झाले आणि २०२४ मध्ये स्वारगेट झाले. वनाजहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत गरवारे महाविद्यालय, रुबी हॉल क्लिनिक आणि रामवाडी असा क्रम झाला. म्हणजे सुमारे अडीच वर्षांत प्रत्येक मार्गिकेच्या एका दिशेला तीन नावे मिळाली. कासारवाडी वा नळ स्टॉप या स्थानकांत स्वतः काहीही बदलले नव्हते, तरी तेथील दिशेची माहिती दोनदा बदलावी लागली.

हा क्रम येथे थांबणारा नाही. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते निगडी या सुमारे साडेचार किलोमीटरच्या विस्ताराला केंद्राची मंजुरी २०२३ मध्ये मिळाली. स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी हे विस्तार जून २०२५ मध्ये मंजूर झाले. हे चारही विस्तार पूर्णत्वास गेल्यावर पीसीएमसी, स्वारगेट, वनाज व रामवाडी यांपैकी एकही नाव अंतिम स्थानकाचे राहणार नाही. पहिल्या टप्प्यात दिशेसाठी लिहिलेले प्रत्येक नाव त्यामुळे बदलावे लागेल.

यावर तीन उपाय संभवतात. पहिला, दिशेच्या फलकावर अंतिम स्थानकासोबत मार्गातील एखादे स्थिर व सर्वपरिचित ठिकाण देणे. उदाहरणार्थ, पिंपरीकडील स्थानकांवर 'जिल्हा न्यायालयमार्गे' हा शब्दप्रयोग मार्गिका कात्रजपर्यंत वाढली तरी खराच राहतो. दुसरा, फलाट-क्रमांकाला अधिक महत्त्व देणे, कारण विस्ताराने फलाटाचा क्रमांक सहसा बदलत नाही. तिसरा, अंतिम स्थानकाचे नाव बदलता येणाऱ्या स्वतंत्र पट्टीवर ठेवणे, जेणेकरून संपूर्ण फलक न काढता तेवढी पट्टी बदलता येईल. या तिन्ही उपायांचे तत्त्व एकच आहे. जे बदलणार आहे ते आणि जे टिकणार आहे ते एकाच पत्र्यावर कोरू नये.

५. डब्यातील माहिती

डब्यातील माहिती तीन प्रकारची असते : दारावरील छापील मार्गपट्टी, विद्युत-दर्शक आणि ध्वनिमुद्रित उद्घोषणा. छापील पट्टी स्वस्त, स्पष्ट व वीज नसतानाही वाचता येणारी असते, परंतु ती प्रत्येक डब्यातील प्रत्येक दारावर हाताने बदलावी लागते. विद्युत-दर्शकाची माहिती संगणकावरून बदलता येते, मात्र त्याची चाचणी गाडी प्रत्यक्ष मार्गावर चालवूनच पूर्ण होते. उद्घोषणेला काळाची मर्यादा असते. पुणे मेट्रोत दोन स्थानकांमधील सरासरी अंतर एक किलोमीटरच्या थोडे पुढे आहे. एवढ्या अवधीत पुढील स्थानकाचे नाव, दार उघडण्याची बाजू आणि गाडी बदलण्याची सूचना एकाहून अधिक भाषांत सांगायची असते. नवे स्थानक मध्येच सुरू झाले की आधीच्या व नंतरच्या दोन्ही उद्घोषणांचा क्रम व वेळ पुन्हा ठरवावी लागते. येरवडा व खडकी या स्थानकांच्या बाबतीत हा प्रश्न नेमका असाच उपस्थित झाला.

तीनही साधनांनी एकच गोष्ट सांगणे ही येथील मुख्य कसोटी आहे. फलक जुना असेल तर प्रवासी तो जुना आहे असे समजून घेऊ शकतो. मात्र फलक एक सांगतो व उद्घोषणा दुसरेच सांगते, अशा वेळी त्याचा दोहोंवरील विश्वास उडतो आणि तो शेजारच्या प्रवाशाला विचारतो. माहिती-व्यवस्थेचे अपयश ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय.

उद्घाटनाच्या तारखेचाही येथे संबंध येतो. भुयारी टप्प्याचे उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ रोजी नियोजित होते. अतिवृष्टीमुळे तो कार्यक्रम रद्द झाला व २९ सप्टेंबर रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन पार पडले. तारीख अशी पुढे-मागे होऊ शकते हे गृहीत धरल्यास फलक आधी लावून त्यांवरील नवा भाग सहज निघणाऱ्या आवरणाने झाकून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. सेवा सुरू होण्याआधी नवे स्थानक दाखविणारा फलक जितका दिशाभूल करणारा, तितकाच सेवा सुरू झाल्यावर ते न दाखविणारा फलकही असतो.

६. स्थानकांची नावे

नकाशावरील बदलांत नावांचा बदल सर्वाधिक संवेदनशील असतो. आरंभी 'सिव्हिल कोर्ट' म्हणून ओळखले गेलेले स्थानक पुढे 'जिल्हा न्यायालय' झाले, तर 'बुधवार पेठ' या नियोजित नावाऐवजी 'कसबा पेठ' हे नाव आले. भोसरी हे नाव देण्यात आलेले स्थानक प्रत्यक्षात नाशिक फाट्याजवळ आहे आणि मूळ भोसरी तेथून काही किलोमीटर दूर आहे. त्यामुळे 'नाशिक फाटा' या नावाचा आग्रह धरला गेला. स्थानकाचे नाव हे प्रवाशाला दिलेले आश्वासन असते. त्या नावाचे ठिकाण जिना उतरताच सापडावे, ही अपेक्षा रास्त आहे.

संक्षेपांचा प्रश्न यापेक्षा सूक्ष्म आहे. पुणे महानगरपालिका म्हणजे 'पीएमसी' आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका म्हणजे 'पीसीएमसी'. एक स्थानक अ‍ॅक्वा मार्गिकेवर शहराच्या मध्यभागी, तर दुसरे पर्पल मार्गिकेच्या उत्तर टोकाला. दोन नावांत केवळ एका अक्षराचा फरक आहे. गर्दीत ऐकलेल्या उद्घोषणेत तो सहज हरवू शकतो. पुणेकरांच्या बोलण्यात व बसच्या पाटीवर 'मनपा' हा मराठी संक्षेप दीर्घकाळ रूढ आहे. नामकरण करताना असा रूढ शब्द विचारात घेतल्यास मराठीचा वापर आणि माहितीची स्पष्टता ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधतात. मराठी नाव व इंग्रजी नाव स्वतंत्रपणे ठरविण्याऐवजी एकाच वेळी ठरवून सर्व फलकांवर, तिकिटांवर व उपयोजकांवर तेच वापरणे हे यातून निघणारे सूत्र आहे.

७. अनेक संस्था, एक प्रवासी

हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३ स्थानकांची तिसरी मार्गिका पीएमआरडीएने सार्वजनिक-खासगी भागीदारीतून हाती घेतली. ती जिल्हा न्यायालय परिसरात महामेट्रोच्या मार्गिकांना जोडण्याची योजना आहे. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग या मार्गिकांना नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्यामुळे भविष्यात स्वारगेट व नळ स्टॉप हीदेखील गाडी बदलण्याची स्थानके होतील. मार्गिका बांधणाऱ्या व चालविणाऱ्या संस्था भिन्न असल्या तरी प्रवाशाचा प्रवास एकच असतो.

मुंबईचा अनुभव येथे उपयुक्त ठरतो. तेथील पहिली मेट्रो मार्गिका २०१४ मध्ये, २अ व ७ या मार्गिका २०२२-२३ मध्ये आणि भुयारी मार्गिका ३ ही २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या संस्थांमार्फत सुरू झाल्या. परिणामी एकमेकांना जोडलेल्या स्थानकांची नावेही वेगळी राहिली. मार्गिका १ वरील डी. एन. नगर हे स्थानक मार्गिका २अ वरील अंधेरी पश्चिमला जोडलेले आहे, तर पश्चिम द्रुतगती महामार्ग हे स्थानक मार्गिका ७ वरील गुंदवलीला जोडलेले आहे. नवख्या प्रवाशाला ही दोन नावे म्हणजे गाडी बदलण्याचे एकच ठिकाण आहे हे नकाशा पाहिल्याखेरीज उमगत नाही. पुण्याने हा धडा वेळीच घेतल्यास जिल्हा न्यायालय परिसरात एकच नाव, एकच क्रमांकपद्धती व एकच नकाशा ठेवता येईल. हे स्थानक आधीच गुंतागुंतीचे आहे. अ‍ॅक्वा मार्गिका तेथे उन्नत आहे, तर पर्पल मार्गिकेचे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. एवढे अंतर चढून-उतरून चुकीच्या फलाटावर पोहोचलेल्या ज्येष्ठ प्रवाशासाठी फलकावरील एक चुकीचा बाण म्हणजे खरोखरची दमछाक असते.

८. काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतात.

(१) प्रत्येक स्थानकातील व डब्यातील फलकांची, त्यांवरील मजकुरासह, क्रमांकवार नोंदवही ठेवावी. कोणता फलक कोणत्या विस्ताराने बाधित होईल हे तीत आधीच नमूद असावे.

(२) नव्या टप्प्याच्या सुरक्षा-तपासणीप्रमाणेच माहिती-तपासणीही करावी. जुन्या स्थानकांवरील फलक बदलल्याखेरीज ती पूर्ण मानू नये.

(३) दिशेसाठी मार्गिका-क्रमांक, फलाट-क्रमांक व स्थिर मध्यवर्ती स्थानक यांचा वापर करावा आणि अंतिम स्थानकाचे नाव बदलत्या पट्टीवर द्यावे.

(४) प्रत्येक नकाशावर तो कोणत्या महिन्यापर्यंत अद्ययावत आहे हे छापावे. त्यामुळे जुना नकाशा ओळखणे प्रवासी व कर्मचारी दोघांनाही सोपे जाईल.

(५) नवे फलक लावण्यापूर्वी ते ज्येष्ठ नागरिक, दृष्टिदोष असणारे व शहराशी अपरिचित प्रवासी यांच्याकडून वाचून घ्यावेत.

शेवटच्या सूचनेत महाविद्यालयांना वाव आहे. पहिल्याच टप्प्यातील एका स्थानकाला महाविद्यालयाचे नाव लाभलेल्या या शहरात भूगोल, मराठी, मानसशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांना फलकवाचनाचे लहान क्षेत्र-अभ्यास सहज हाती घेता येतील. प्रत्येक नव्या टप्प्याच्या आधी व नंतर असे सर्वेक्षण झाल्यास त्याची नोंद प्रशासनालाही उपयोगी पडेल.

९. समारोप

मेट्रोचा विस्तार किलोमीटरमध्ये मोजला जातो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु नवा टप्पा प्रवाशापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचतो तो त्याच्या नेहमीच्या स्थानकावरील फलकातून. पुणे मेट्रोने २०२२ पासून दोन सुट्या तुकड्यांचे एक जाळे होताना पाहिले आणि तिची चारही टोके पुढे सरकणार आहेत. अशा स्थितीत फलक हे बांधकाम संपल्यावर लावण्याची वस्तू न राहता बांधकामासोबत वाढणारा घटक ठरतात. रुळांचा आराखडा करताना पुढील विस्तार गृहीत धरला जातो, तोच न्याय नकाशालाही लावला गेला पाहिजे. तसे झाल्यास कात्रज वा वाघोलीला गाडी सुरू होईल त्या सकाळी कासारवाडीच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला कोणालाही काही विचारावे लागणार नाही.